पॅड बदलले, थरथर तशीच!

रविवारची संध्याकाळ. आम्ही साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आई आणि आजी. आजीच्या मांडीवर कंदी पेढ्यांचा बॉक्स. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि नवले पुलाकडे जाणारा तो उतार सुरू झाला. पुणेकरांना हा उतार वेगळा सांगायला नको. बातम्यांत त्याचं नाव सारखं येतं आणि चांगल्या कारणासाठी कधीच येत नाही. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. डॅशबोर्डवरचा गणपतीही डुगडुगत होता.

‘‘बाबा, हे काय होतंय?’’

‘‘काही नाही गं, रस्त्यावर रम्बलर आहेत.’’

रम्बलर संपले, थरथर संपली नाही. पाय ब्रेकवरून काढला की गाडी एकदम शहाण्यासारखी चालायची. पुन्हा ब्रेक, पुन्हा थरथर. ‘‘सात वर्षं झाली गाडीला, चालायचंच,’’ बाबा म्हणाले. ते दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते. घरी आल्यावर खोदून विचारलं तेव्हा कळलं, की हा प्रकार दोन-अडीच महिने चालू होता. आधी जेमतेम जाणवायचं, मग वाढत गेलं आणि तशी बाबांची पकडही घट्ट होत गेली. म्हणजे त्यांना त्याची सवय झाली होती. मला त्या थरथरीपेक्षा या सवयीचीच जास्त भीती वाटली.

नवे पॅड, जुनाच त्रास

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने अर्धं वाक्य ऐकलं आणि निकाल दिला, ‘‘पॅड गेलेत. बदलून टाकू.’’ तासाभरात पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड नवे झाले. मी पैसे दिले आणि घरी येऊन बाबांना फुशारकीने सांगितलं, की झालं काम.

पहिले काही दिवस खरंच छान गेले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा साताऱ्याहून येताना, पुन्हा त्याच उतारावर, गणपती पुन्हा डुगडुगला. मी परत त्या गॅरेजमध्ये गेले. ‘‘नवीन पॅड आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. तुम्ही वडिलांना पाठवा, मी त्यांना समजावतो,’’ असं उत्तर मिळालं.

वडिलांना पाठवलं नाही. दुसरं गॅरेज शोधलं.

आधी प्रश्न, मग पाना

नऱ्ह्याजवळच्या या दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. थरथर फक्त ब्रेक मारल्यावर होते की एरवीही? हाताला जाणवते, पायाला, की बसल्या सीटला? किती स्पीडला? आधी कुठे काम केलं होतं?

मला वाटलं, उगाच वेळ काढतायत. पण या प्रश्नांतच अर्धं निदान असतं. ब्रेक न मारताही ठरावीक स्पीडला गाडी थरथरत असेल, तर आधी संशय जातो चाकांच्या बॅलन्सिंगवर किंवा टायरवर. फक्त ब्रेक मारल्यावर आणि स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल, तर बहुतेक वेळा पुढचे ब्रेक. सीटखाली किंवा ब्रेकच्या पेडलमध्ये जास्त जाणवत असेल, तर मागचेही तपासायला हवेत. आणि एकदम करकचून ब्रेक मारल्यावर पायाखाली ‘टर्र’ असं धडधडत असेल, तर घाबरायचं कारण नाही. ते एबीएस आपलं काम करत असतं. तेव्हा पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा.

आमचं उत्तर होतं: फक्त ब्रेक मारल्यावर, स्टेअरिंगमध्ये, साठच्या वर जास्त. काकांनी एक चक्कर मारून खात्री केली, गाडी जॅकवर चढवली आणि चाक काढलं.

केसाहून बारीक फरक

चाकामागे एक लोखंडी डिस्क असते. ती चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि चिमटीच्या आत बसवलेल्या दोन जाड चकत्या म्हणजे पॅड. सायकलच्या ब्रेकचे रबर जसे रिमला धरतात, तसंच. आपण पेडल दाबतो, तेव्हा पाइपमधलं ब्रेक ऑइल कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतं आणि पॅड डिस्कवर आवळले जातात.

काकांनी मायक्रोमीटर काढला आणि डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजून खडूने तिथल्या तिथे लिहिली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक जागेत फरक निघाला ०.०३ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटरचा असतो. म्हणजे केसाच्या निम्माही नाही!

‘‘एवढ्याने गाडी हलते?’’ मी विचारलं.

‘‘एकदा नाही हलत ताई, पण ते चाक किती वेळा फिरतं बघा की.’’

घरी येऊन हिशेब केला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. आमच्यासारख्या छोट्या गाडीचं चाक एका फेरीत जेमतेम १.९ मीटर जातं. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या. डिस्कची जाड जागा सेकंदाला १२ वेळा पॅडमधून जाते, तेवढ्या वेळा ब्रेक क्षणभर जास्त आवळला जातो आणि लगेच सैल पडतो. तेच झटके सस्पेन्शनमधून स्टेअरिंगपर्यंत पोहोचतात.

‘डिस्क वाकली’ असं आपण सर्रास म्हणतो. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हे होतं कसं, ते डिस्क काढल्यावर समोरच दिसलं. डिस्क ज्या हबवर बसते, त्यावर गंजाचा पापुद्रा होता. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसली होती. तिरकी डिस्क फिरताना ब्रेक न मारताही एकाच जागी पॅडला चाटून जाते. हजारो किलोमीटर ती जागा अशी घासत राहते आणि बारीक होते. त्यात आमच्या कॅलिपरची एक पिन ग्रीस सुकून जाम झाली होती, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही पॅड पूर्ण मागे येत नव्हता. चाकाचे नट वेडेवाकडे, एक खूप घट्ट, एक सैल, असे आवळले तरी डिस्क तिरकी बसू शकते. आणखी एक कारण म्हणजे ब्रेक प्रचंड तापलेले असताना गाडी थांबवून पेडल दाबूनच ठेवणं. पॅडचा थर डिस्कवर त्याच जागी चिकटतो आणि पुढे तिथेच ब्रेक जास्त धरतो.

मग नव्या पॅडने काही दिवस बरं का वाटलं? कारण नवे पॅड खरबरीत डिस्कवर सुरुवातीला पूर्ण टेकतच नाहीत. जसजसे ते झिजून डिस्कला नीट टेकायला लागले, तसतशी डिस्कची खोड पुन्हा हाताला कळायला लागली. पॅड नेहमी निर्दोष असतात असं नाही. त्यांच्यावर तेल सांडलेलं असेल, ते एका बाजूने झिजले असतील किंवा त्यांचा थर असमान चिकटला असेल, तर पॅड बदलून फरक पडतो. पण मोजल्याशिवाय हे कळत नाही आणि आमच्या गाडीत कोणी मोजलंच नव्हतं.

दुसरं बिल

डिस्क लेथवर घासून सारखी करता येते. पण प्रत्येक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर १५ मिलिमीटर लिहिलं होतं आणि मोजल्यावर निघाली १५.४. घासली तर जवळपास किमान जाडीवरच आली असती. अशी बारीक डिस्क लवकर तापते. म्हणून नव्या डिस्क, त्याही दोन्ही बाजूंच्या. डिस्क असो की पॅड, एका बाजूचं नवं आणि दुसऱ्या बाजूचं जुनं ठेवलं, तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढली जाऊ शकते.

आणि तीन आठवड्यांपूर्वी घातलेले पॅड? त्यांच्यावर जुन्या डिस्कचे चरे उमटले होते. ‘‘घासून चालवता येतील, पण मी नवेच टाका म्हणेन,’’ काका म्हणाले. मी हो म्हटलं आणि मनातल्या मनात पहिल्या बिलावर पाणी सोडलं. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं मोजमाप झालं असतं, तर ते पैसे वाचले असते.

पुढचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून काढला. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू न देता तारेने वर टांगून ठेवला. पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं. पिस्टन हळूहळू आत दाबला, तेव्हा बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढलं. नट एकाआड एक समोरासमोरचे आवळले आणि शेवटी टॉर्क रेंच लावला.

गाडी खाली आल्यावर मी चावी फिरवणार, तेवढ्यात काका ओरडले, ‘‘आधी पंप करा!’’ पिस्टन आत दाबलेला असताना पहिल्यांदा पेडल दाबलं, तर ते थेट तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. चार-पाच वेळा पंप केल्यावर पेडल घट्ट झालं, मगच गाडी हलली. यूट्यूब पाहून घरी पॅड बदलणाऱ्यांनी ही पायरी भिंतीवर लिहून ठेवावी. खरं तर पहिल्यांदाच करत असाल, तर ब्रेकचं काम जाणत्या माणसाशिवाय करूच नका.

नंतर मोकळ्या रस्त्यावर काकांनी ताशी ५० वरून १० पर्यंत हलक्या ब्रेकने गाडी आठ-दहा वेळा हळू केली. पूर्ण थांबवली नाही, मध्ये ब्रेक थंड व्हायला वेळ दिला. याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर विनाकारण करकचून ब्रेक मारू नका, असंही बजावलं.

उतारावर काय होतं?

काकांनी शेवटी विचारलं, ‘‘उतारावर गिअर कुठला असतो?’’ मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा पेट्रोल वाचवायला कधी कधी न्यूट्रलमध्ये सोडतात.

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतात. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ८० वरून एकदा थांबवली, तर तयार होणाऱ्या उष्णतेत एक लिटर पाणी २५ अंशांवरून सुमारे ८४ अंशांपर्यंत तापेल. चहाचं आधणच! उतारावर तर ही शेगडी सतत पेटलेली असते. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हा आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ब्रेक नाही. पेडल स्पंजसारखं मऊ लागतं.

न्यूट्रलमध्ये सगळा भार या ब्रेकवर येतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनही गाडीला धरून ठेवतं. शिवाय आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनचा इंधनपुरवठा जवळपास बंदच होतो. म्हणजे न्यूट्रलने वाचतं काय, तर काहीच नाही.

ट्रिपला निघण्याआधी

- ब्रेक मारल्यावर थरथर, करकर किंवा एका बाजूला ओढ जाणवली, तर ‘चालायचंच’ म्हणू नका.
- पॅड ३ मिलिमीटरच्या आसपास आले, की बदला. काही पॅडना पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आले की ती डिस्कला लागून चिरकते.
- ‘पॅड बदला’ असं कोणी म्हटलं, तर विचारा: डिस्क मोजली का? किमान जाडी किती? हब आणि पिना साफ करणार का?
- काढलेले जुने पार्ट दाखवायला सांगा.
- ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते बघा. किती दिवसांनी बदलायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.
- घाट उतरल्या उतरल्या तापलेल्या चाकांवर पाण्याचा पाइप सोडू नका.
- भाड्याने सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतलीत, तर घाटाआधी मोकळ्या रस्त्यावर एकदा ब्रेक मारून बघा.

गेल्या रविवारी पुन्हा साताऱ्याहून आलो. बोगदा संपला, बाबांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागच्या गाडीवाल्याला घाई होती, तो हॉर्न वाजवत राहिला. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला. रम्बलरवर गणपती हलला आणि रम्बलर संपल्यावर थांबला. मी मुद्दाम बाबांच्या हातांकडे बघत होते. पकड सैल होती. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी गाडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. पार्किंगमध्ये उतरताना मात्र चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी तू चालव. मी मागे आजीशेजारी बसून पेढे खातो.’’