एक मनोरा, अनेक कंपन्या

मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या दोंडाईचा येथील व्यापारी भाव कळवण्यासाठी मोबाइल लावतो, तेव्हा त्याचा आवाज झेलणारा मनोरा अनेकदा त्याच्या कंपनीच्या मालकीचा नसतो. मनोरा, बॅटरी, जनित्र या 'निष्क्रिय सुविधा' कंपन्या भाड्याने वाटून घेतात, तर अँटेनासारख्या 'सक्रिय सुविधा' वाटून घेण्याची मुभा दूरसंचार विभागाने २०१६ मध्ये दिली. छप्पर सामाईक असले तरी कुलूप ज्याचे त्याचे असते: सिमकार्डातील गुप्त किल्ली हवेतून कधीच जात नाही, कंपनीची यंत्रणा एक स्वैर संख्या पाठवते, सिम त्या किल्लीने गणित करून उत्तर देते आणि ते जुळले तरच सेवा मिळते. टू-जीमध्ये मनोऱ्याला मात्र स्वतःची ओळख पटवावी लागत नसे (ही उणीव तशी गंभीरच!), त्यामुळे बनावट मनोऱ्यालाही फोन फसत असे, थ्री-जीपासून ही तपासणी दुहेरी झाली.