पाण्यातील फ्लुओराइड आणि मुलांचे दात

यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत मुलांच्या पुढील दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा पिवळट, तपकिरी डाग आढळतात. आरोग्यतपासणीच्या नोंदीत अशा मुलांच्या नावापुढे ‘दात अस्वच्छ’ असा शेरा पुष्कळदा वाचावयास मिळतो. तो बहुधा अन्यायाचा असतो. हे डाग दातांवर बसलेले नसून त्यांच्या घडणीतच उतरलेले असतात. घासून ते जात नाहीत. त्यांचे मूळ मुलाच्या आळसात नव्हे, तर गावाखालच्या खडकात आहे.

ग्रॅनाइटसारख्या खडकांत फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट, बायोटाइट ही खनिजे असतात. भेगांत मुरलेले पाणी त्यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहिले म्हणजे फ्लुओराइड त्यात विरघळते. पाणी अल्कधर्मी असून त्यात कॅल्शियम कमी असेल, तर ते अधिकच उतरते. यामुळे उथळ विहिरीपेक्षा खोल विंधनविहिरीचे पाणी कित्येकदा अधिक सदोष निघते, आणि ते दिसावयास मात्र नितळ असते! भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड स्वीकारार्ह आहे. दुसरी सोय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

कायमचे दात हिरड्यांत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेल्यास दंतवल्क सदोष बनते. डाग बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात. किडीचे तसे नसते. पुढे अनेक वर्षे तेच पाणी पिणाऱ्यांची मान व पाठ ताठरते, उकिडवे बसणे कठीण होते. १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात हा हाडांचा विकार वैद्यकीय दृष्ट्या नोंदला गेला. गुरेही यातून सुटत नाहीत. त्यांचे दात डागाळतात व झिजतात, चारा नीट चघळला जात नाही, पाय लंगडू लागतात. गुराख्याच्या मुलास वर्गात विचारून पाहावे. त्याचे निरीक्षण आपल्याहून बारीक असते.

पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. तुरटी व चुना यांच्या योगाने फ्लुओराइड कमी करण्याची ‘नालगोंडा’ पद्धती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे. परंतु मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, अंदाजाने तुरटी टाकू नये. त्याहून बरा मार्ग म्हणजे पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी निर्दोष विहीर निवडणे किंवा पावसाचे पाणी साठविणे. सदोष पाणी धुण्यास वापरण्यास हरकत नाही. आहारात दूध, नाचणी, आवळा असल्यास अपाय काहीसा कमी होतो.

पुढील तपासणीत असे दात दिसल्यास मुलांची नावे त्यांच्या पाणवठ्यानुसार मांडावीत आणि ती यादी ग्रामपंचायतीस देऊन त्या त्या पाणवठ्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठविण्याची विनंती करावी. ‘दात अस्वच्छ’ हा जुना शेरा त्याच वेळी दुरुस्त करावा.