दिंडी दरवाजातून ऑलिंपिकमध्ये

पॅरिस येथे २०२४ साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्री व पुरुष खेळाडूंना प्रथमच समसमान जागा देण्यात आल्या, आणि त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. याच शहरात १९०० साली दुसरे ऑलिंपिक भरले होते. त्याला ऑलिंपिक म्हणावे की जत्रा, असा प्रश्न पडावा. जागतिक प्रदर्शनाच्या आधाराने ते पाच महिने रेंगाळले. सुमारे हजार खेळाडूंत स्त्रिया होत्या अवघ्या बावीस.

त्यांपैकी एक इंग्लंडच्या शार्लट कूपर. सीन नदीतल्या प्यूतो बेटावरील टेनिस मैदानात ११ जुलै रोजी त्यांनी फ्रान्सच्या एलेन प्रेव्हो यांना ६-१, ६-४ असे हरविले आणि वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिक जिंकणारी पहिली स्त्री हा मान त्यांच्याकडे गेला. मिश्र दुहेरीतही रेजिनाल्ड डोहर्टी यांच्या जोडीने त्याच विजयी झाल्या. सुवर्णपदक मात्र मिळाले नाही. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही प्रथा १९०४ पासूनची. कूपरबाईंना वयाच्या सव्विसाव्या वर्षी बहिरेपण आले होते. रॅकेटवर आदळणाऱ्या चेंडूचा आवाज टेनिसपटूला केवढा आधार देतो, हे खेळणाऱ्यांना सांगावयास नको. त्या आधारावाचून, घोट्यापर्यंत पोहोचणारा झगा सावरीत त्या खेळल्या. आणि १९०८ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना पाचव्यांदा विम्बल्डन जिंकल्या.

या विजयाचे श्रेय ऑलिंपिक चळवळीच्या उदारपणास देण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. या चळवळीचे जनक बॅरन कुबर्टिन यांना स्त्रियांनी मैदानात उतरणेच मान्य नव्हते. १८९६ च्या अथेन्समध्ये एकही स्त्री नव्हती, आणि १९१२ सालीही स्त्रियांचे ऑलिंपिक अव्यवहार्य व अशोभनीय ठरेल, असेच ते लिहीत होते. मग दार उघडले कोणी? उघडले ते टेनिसनेच. इंग्रजी घरांच्या हिरवळीवर आणि क्लबांत हा खेळ स्त्री-पुरुष आधीपासूनच एकत्र खेळत. विम्बल्डनला महिलांची स्पर्धा १८८४ पासून होती. टेनिस आत आले आणि स्त्रिया त्याच्याबरोबर आल्या. वाड्याचा मोठा दरवाजा बंदच राहिला, त्यातली दिंडी तेवढी उघडली.

दिंडीतून वाकूनच शिरावे लागते, आणि वाकूनही सर्वांना शिरता येत नाही. टेनिस, गोल्फ हे खेळ परवडणारे वर्ग मूठभर. ज्यांच्यापाशी धावणाऱ्या पायांखेरीज काही नव्हते, त्या स्त्रियांसाठी धावण्याच्या शर्यती १९२८ साली ॲमस्टरडॅमला सुरू झाल्या. तेथेही आठशे मीटरची शर्यत बायकांना झेपत नाही, असा निष्कर्ष काढून ती बंद झाली, ती १९६० पर्यंत. कूपरबाईंच्या पराक्रमाने यांतले काहीच लवकर घडले नाही, हे कबूल केले पाहिजे.

भारताच्या नावाने ऑलिंपिकमध्ये स्त्री प्रथम उतरली तीही टेनिसमध्येच. १९२४ साली, पुन्हा पॅरिसलाच, नोरा पॉली तेथे खेळल्या. पण हौशी खेळाडू म्हणजे कोण आणि कारभारात टेनिस संघटनेचा शब्द किती, यावरून वाद विकोपास गेले आणि त्या सामन्यांनंतर टेनिस ऑलिंपिकमधून गेले. भांडण पुरुषांचे, दिंडी बंद झाली ती टेनिस खेळणाऱ्या स्त्रियांचीही. मुंबईच्या लीला राव, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या कन्या, १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यानंतरचे ऑलिंपिक १९३६ चे, बर्लिनचे. पण तेथे टेनिसच नव्हते. १९८८ साली सोलला टेनिसची पदके पुन्हा दिली गेली, तेव्हा लीलाबाईंच्या त्या विजयाला चौपन्न वर्षे झाली होती.