चिमट्याची परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यात

नव्याचे नऊ दिवस, असे आपण म्हणतो. नव्या बैलजोडीला ते लागू पडते, नव्या मोटारपंपाला पडते आणि अलीकडे गावोगावच्या पोरांच्या मनात भरलेल्या शॉकॲब्सॉर्बरच्या सायकलीला तर ते पुरेपूर लागू पडते. दुकानात पुढचे हँडल दोन्ही हातांनी दाबून पाहावे, ते खाली बसून वर यावे आणि पोराने बापाकडे आशेने पाहावे, हे दृश्य आता तालुक्याच्या कोणत्याही सायकल मार्टमध्ये दिसते. पण दुकानातल्या फरशीवर दाबून पाहिलेला चिमटा डोंगरउतारावर काय करील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यानंतर काय करील, हा प्रश्न तिथे कोणी विचारीत नाही. तोच विचारावा म्हणून हा लेख.

आमच्या शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने गेल्या वर्षी परदेशी बनावटीची एक वापरलेली डोंगरी सायकल घेतली. सुरुवातीला सगळा आनंदीआनंद होता. पावसाळा सरला आणि पुढचा चिमटा दाबला की खालीच बसू लागला. वर यायला तयार नाही. नळीवर तेलाचा काळपट ओघळ. मुलगा सायकल घेऊन थेट मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींकडे गेला. मेस्त्रींनी नळीवरून बोट फिरवले आणि विचारले, “काय रं, ह्यातलं तेल कधी बदललंस?”

“तेल? सायकलीत कसलं तेल, काका?”

“मग बस आता. तेल हाय म्हणून तर हे चालतंय. मोटारसायकलीच्या पुढच्या नळीत जे असतंय, तेच ह्यात हाय. फक्त बारीक केलंय.”

मेस्त्रींनी इंग्रजी माहितीपत्रक कधी पाहिले नसेल, पण चिमट्याचे मर्म त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. गेल्या सुमारे ३५ वर्षांत अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या स्वारांनी हाडे मोडून घेऊन आणि पैसे घालवून जे शिकून घेतले, तेही याहून फारसे वेगळे नाही.

हादरा कोण खातो?

डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून मातीच्या वाटेने भरधाव खाली आणीत. त्या सायकलींचा चिमटा साधा पोलादी. दगडावरून चाक उडाले की हादरा आधी मनगटाला, मग कोपराला, मग खांद्याला. उताराच्या शेवटी हाताची बोटे वळेनाशी होत. बोटे वळली नाहीत तर ब्रेक दाबायचा कसा? म्हणजे हा प्रश्न सुखसोयीचा नव्हता, जिवाचा होता.

त्याचे उत्तर मोटारसायकलीकडून आले. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांनी मोटारसायकलीसारख्या सरकत्या नळ्या सायकलीला बसवल्या आणि १९८९ साली ‘रॉकशॉक्स’ कंपनीचा ‘आरएस-१’ हा चिमटा बाजारात आला. वरच्या दोन नळ्या खालच्या दोन नळ्यांत सरकणार. आत दाबलेली हवा स्प्रिंगचे काम करणार आणि तेल त्या हालचालीला लगाम घालणार. एकूण सरक जेमतेम ५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या तीन बोटांच्या रुंदीएवढी. पुष्कळ जुन्या स्वारांनी तेव्हा नाके मुरडली: वजन वाढते, चढावर दम लागतो, तेल गळते. पण १९९० साली अमेरिकेतल्या दुरँगो येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली अधिकृत स्पर्धा झाली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हरबोल्ड हा स्वार हाच चिमटा लावून पहिला आला. त्यानंतर नाके मुरडणाऱ्यांचा आवाज हळूहळू कमी झाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. स्प्रिंग हादरा गिळते, पण गिळलेला परत फेकतेही. नुसती स्प्रिंग असलेला चिमटा खड्ड्यात बसतो आणि बाहेर येताना खोडकर घोड्यासारखा स्वाराला उसळवतो. ही उसळी मोडण्याचे काम तेल करते. बारीक छिद्रातून तेलाला सावकाश जावे लागते, म्हणून नळीही सावकाश वर येते. तेल गेले की लगाम गेला. शेजारच्या मुलाच्या सायकलीत लगामही गेला होता आणि हवाही.

रबर, हिवाळा आणि पिवळा चिमटा

तेल आणि हवा यांची कटकट नको म्हणून दुसरा मार्ग निघाला. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातले डग ब्रॅडबरी यांनी आपल्या ‘मॅनिटू’ चिमट्यात रबरासारख्या पदार्थाच्या गोट्या एकावर एक रचल्या. गळायला काही नाही, हवा भरायला नको. वरचे झाकण उघडून मऊ किंवा कडक गोट्या आपल्या हाताने बदलता येत. स्वार खूश झाले. मग आला हिवाळा. थंडीत या गोट्या ताठरल्या आणि उन्हाळ्यात लोण्यासारखा चालणारा चिमटा लाकडासारखा झाला. शिवाय दाबून दाबून गोट्या कायमच्या चेपू लागल्या. ज्यांनी त्या वेळेवर बदलल्या ते सुखी राहिले; ज्यांनी बदलल्या नाहीत ते कंपनीला शिव्या देत बसले.

१९९५ साली ‘रॉकशॉक्स’ने ‘ज्यूडी’ आणला. त्यातला पिवळ्या रंगाचा चिमटा त्या काळी ज्याच्या सायकलीला असेल त्याच्याभोवती पोरे जमत. यात स्प्रिंगचे काम रबरी गोट्यांकडे आणि लगामाचे काम एका बंद नळकांड्यातल्या तेलाकडे दिले होते. चालायला झकास. पण ते नळकांडे गळते, ही तक्रार इतकी सर्वत्र झाली की दुसऱ्या छोट्या कारखान्यांनी त्याच्या जागी बसणारी आपली नळकांडी विकायला काढली. मूळ मालापेक्षा त्याच्या दुरुस्तीचा माल खपावा, यातच स्वारांचा कौल आला.

याच सुमारास इटलीतून वेगळा चिमटा आला. बोलोन्याजवळची ‘मार्झोकी’ ही १९४९ साली सुरू झालेली कंपनी मोटारसायकलींचे चिमटे करणारी. तिने १९९७च्या हंगामासाठी ‘बॉम्बर झेड-१’ काढला. रंग नारिंगी, नळ्या जाड, सरक १०० मिलिमीटर, आत पोलादी स्प्रिंग आणि नळीत मोकळे तेल. वजन त्या काळच्या शर्यतीच्या चिमट्यांपेक्षा चांगलेच जास्त. शर्यतवाले हसले. पण दोन-तीन वर्षे चिखलपाण्यात चालवूनही हा चिमटा कुरकुरत नाही, असे स्वार सांगू लागले. कारण साधे होते. तेल बंद नळकांड्यात कोंडलेले नव्हते. ते नळीत वरखाली उसळत राही आणि बुश व सील यांना दर हादऱ्याला वंगण मिळे. तेलही भरपूर, म्हणून लवकर खराब होत नसे. आपल्या मेस्त्रींना हा चिमटा दिला असता तर त्यांनी तो पुस्तक न उघडता खोलला असता.

पुढे काळ बदलला. १९९८च्या सुमारास ‘सिड’सारखे हवेवर चालणारे हलके चिमटे आले, शर्यतीत ते चमकले, तर वजनदार स्वारांना ते वळणावर लवलवीत वाटले. २००२ साली ‘रॉकशॉक्स’ ही ‘स्रॅम’ कंपनीकडे गेली आणि २०१५ साली ‘मार्झोकी’चा सायकलीचा धंदा अमेरिकेच्या ‘फॉक्स’ने घेतला. ज्याच्या टिकाऊपणाची उदाहरणे दिली जात त्या चिमट्याची कंपनीही बाजारात स्वतःच्या पायावर टिकली नाही, ही या धंद्यातली कडू गोष्ट आहे.

एकच चिमटा, दोन साक्षी

आजचे चिमटे त्या काळच्या मानाने फारच पुढे गेले आहेत. बहुतेकांच्या नळ्या ३२ पासून ३८ मिलिमीटरपर्यंत जाड, सरक १०० पासून १७० मिलिमीटरपर्यंत, हवेचा दाब स्वाराच्या वजनाप्रमाणे हवा तेवढा. तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. वरच्या नळ्या ज्या जोडात दाबून बसवलेल्या असतात तिथून करकर आवाज येणे, खालच्या बुशांत ढिलाई येणे, नळीवरचा लेप घासला जाऊन खालचा धातू दिसणे, ही आजची दुखणी. हा आवाज महागड्या चिमट्यांतही येतो.

गंमत अशी की एकाच चिमट्याबद्दल एक स्वार म्हणतो, “चार वर्षे झाली, हात लावावा लागला नाही,” आणि दुसरा म्हणतो, “सहा महिन्यांत भंगार.” दोघेही खोटे बोलत नसतात. पहिला ६० किलोचा, कोरड्या वाटेवर रविवारी फिरणारा. दुसरा ९० किलोचा, चिखलातून रोज जाणारा. साक्ष ऐकताना साक्षीदार कोण ते पाहावे लागते. म्हणून कोणी चिमट्याची स्तुती वा निंदा केली तर पाच प्रश्न विचारा. किती महिने वापरला? तुमचे वजन किती? वाट कसली, दगडाची की चिखलाची? शेवटचा कधी खोलला होता? आणि सील, बुश यांसारखे सुटे भाग मिळाले का? पाचवा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत मोठा. पंधरा रुपयांच्या रबरी कड्याअभावी हजारोंचा चिमटा घरात पडून राहतो.

आपल्या हातात काय आहे?

प्रथम खरेदीविषयी. स्वस्त सायकलींना जे दोन शॉक दिसतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पुढच्या चिमट्यात नुसती पोलादी स्प्रिंग असते; लगाम घालणारे तेल नसतेच. वजन दोन किलोंच्या वर, पावसात गंज, आणि वर्षभरात नळ्या खुळखुळू लागतात. अशा चिमट्यापेक्षा साधा पोलादी चिमटा आणि जरा जाड टायर कितीतरी बरा. तो चढावर हलका पडतो आणि कोणत्याही सायकलवाल्याकडे दुरुस्त होतो. शाळेला, शेताला, दुधाला जाणाऱ्या सायकलीला शॉक हवाच असे नाही.

ज्यांच्याकडे चांगला चिमटा आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. फेरीनंतर मऊ ओल्या फडक्याने नळी पुसावी. मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने सीलवर पाणी मारू नये, ते आत जाते. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे सीलपाशी ठेवावीत. तिथे खडखड लागली तर बुश झिजले. आणि खालच्या नळ्यांतले तेल वेळेवर बदलावे. पुष्कळ चिमट्यांना दर ५० तासांच्या स्वारीनंतर हे करायला सांगितलेले असते. रोज तासभर रानवाटेने फिरणाऱ्याला ५० तास व्हायला दोन महिनेही लागत नाहीत.

मेस्त्रींनाही हात जोडून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. भाग रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवू नका, सीलचे रबर फुगते; आणि इंजिन ऑइल घालू नका, लगामाच्या बारीक छिद्रांना ते जड पडते. हवेचा चिमटा असेल तर खोलण्यापूर्वी वरच्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडा. आत टायरच्या कितीतरी पट दाब असतो. झाकण तोंडावर उडाले तर डोळा जाईल. हवा भरायलाही टायरवाल्याचा कॉम्प्रेसर नको. त्यासाठी बारीक मापाचा वेगळा हातपंप मिळतो.

हे सगळे चिमट्यासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पण ती पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. ज्या मुलाला ‘तेल बदला’ एवढे दोन शब्द आपल्या भाषेत वाचायला मिळाले असते, त्याचा चिमटा वाचला असता. चिमटा, नळी, बुश, सील, तेल, लगाम – सगळे शब्द आपल्या ग्यारेजात आहेतच. फक्त ते कोणीतरी कागदावर मांडायला हवेत.

शेजारच्या मुलाचा चिमटा अखेर दुरुस्त झाला. सील शहरातून मागवावे लागले आणि दोन आठवडे सायकल भिंतीला टेकून राहिली. मेस्त्रींनी पैसे घेतले ते सीलचे आणि तेलाचे. मजुरी घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी नळीवर खडूने तारीख लिहिली आणि म्हणाले, “खडू पुसला जाईल. तू तारीख ध्यानात ठेव.” मुलाने ती आता घरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.