जुनी मोटार : तांदूळ निवडावेत तशी निवडावी

तांदूळ घरात आले की ते निवडल्यावाचून आधणात वैरले जात नाहीत. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी गृहिणी एकदा ताटात पसरून पाहतेच. मात्र तीन-चार लाख रुपयांची जुनी मोटार घेताना तेच कुटुंब पुष्कळदा रंग, सीटकव्हर आणि विक्रेत्याची गोड वाणी एवढ्यावर समाधान मानते.

ही तुलना माझ्या मनची नव्हे. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे वेचणाऱ्या भारतीय गृहिणीचा उल्लेख त्यात आहे. पुढे २००१ मध्ये त्यांना अन्य दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मोटारीतील दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सावधपणे सरासरी किंमत देऊ करतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही व तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या बहुधा सदोष गाड्या. विक्रेत्याजवळची माहिती ग्राहकाच्याही हाती यावी, यासाठीच खरेदीपूर्व तपासणी असते.

गाझियाबादमधील जादा प्रश्न

अन्यत्र गाडीची प्रकृती पाहिली की बरेचसे काम होते. गाझियाबाद राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येत असल्याने येथे गाडीचे कायदेशीर आयुष्यही मोजावे लागते. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहने या क्षेत्रात चालवू नयेत, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये उचलून धरला. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे न्यायालयाने सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते ठेवण्यात आले.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. बीएस-४ मानक राजधानी क्षेत्रात १ एप्रिल २०१० पासून लागू झाले, देशभर मात्र १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे बाहेरगावाहून आणलेली, वयाने लहान दिसणारी गाडी बीएस-३ची असू शकते. केवळ निर्मितीचे वर्ष न पाहता परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीतील प्रदूषण मानक पाहावे, आणि व्यवहाराच्या दिवशी कोणता आदेश लागू आहे, याची परिवहन कार्यालयात खात्री करून घ्यावी. भाव अकारण कमी वाटला, तर त्याचे कारण अनेकदा येथेच सापडते.

तपासणी कोणी व कशी करावी

पहिला नियम असा की मेकॅनिक आपला असावा, विक्रेत्याने सुचविलेला नसावा. त्याचे शुल्क आपण द्यावे व निष्कर्ष लेखी घ्यावा. विक्रेता गाडी अन्य गॅरेजमध्ये नेऊ देण्यास तयार नसेल, तर व्यवहाराचा विचार तेथेच सोडावा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होतानाची कुरकुर लपवते. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइलच्या झाकणाआत दुधाळ साका दिसला, तर कूलंट नको तेथे शिरत असल्याचा संशय घ्यावा. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्यावाचून गंज, ऑइलची गळती आणि चॅसिसवरील वेल्डिंग कळत नाही. दारे व बॉनेट यांच्या फटी सारख्या नसतील किंवा बोल्टवरील रंग उडालेला असेल, तर अपघातानंतरची दुरुस्ती शोधावी.

मीटरवरील किलोमीटरवर विसंबून राहू नये. सर्व्हिसच्या नोंदी, पेडलचे झिजलेले रबर व गुळगुळीत झालेले स्टिअरिंग यांची साक्ष काढावी. टायरवरील शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी सीएनजीवर चालत असेल तर तशी नोंद आरसीवर असावी, आणि दर तीन वर्षांनी करावयाच्या सिलिंडर चाचणीचे प्रमाणपत्र मागावे.

पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय आपल्या वाचकांना आठवत असेल. जुलै २०२३ मध्ये हिंडन नदीला पूर आला, तेव्हा शेजारच्या ग्रेटर नोएडात शेकडो मोटारी छतापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या देशाने पाहिल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवीसारखी दिसते, पण वायरिंगमधील गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ दिसते का पाहावे. स्टेपनीची खोबण व सीटखालचे रूळ तपासावेत.

वडिलांना आठवड्यातून दोनदा दिल्लीच्या रुग्णालयात न्यावे लागते, म्हणून एक ग्राहक जुन्या मोटारीच्या कर्जासाठी आमच्या शाखेत आले होते. भाव मोहात पाडणारा होता. आम्ही त्यांना आधी स्वतंत्र तपासणी करून घेण्यास सुचविले. मागील सीटखाली वाळलेला गाळ निघाला. इसार दिलेला नसल्याने त्यांचे नुकसान तपासणीच्या शुल्कापुरतेच झाले. महिनाभराने त्यांनी दुसरी, थोडी महाग गाडी घेतली. रुग्णाला घेऊन भर उन्हात रस्त्यात अडकण्याची वेळ टळणे हा खरा नफा होय.

कागदपत्रांची तपासणी

चॅसिस व इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. आधीच्या कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घ्यावा. दिल्लीची गाडी गाझियाबादला आणावयाची असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक आहे. थकीत चलाने, विम्याचे जुने दावे व प्रदूषण प्रमाणपत्र पाहावे. विम्यावरील ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते. विकणाऱ्या ग्राहकांनीही हे मनावर घ्यावे. नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक व अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे.

मूल्यांकन म्हणजे तपासणी नव्हे

शेवटी बँकेच्या बाजूची एक गोष्ट. कर्ज देताना बँक वाहनाचे मूल्यांकन करून घेते, म्हणजे गाडी बँकेने पसंत केली, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. मूल्यांकनातून तारणाची किंमत ठरते. गिअरबॉक्स आणखी किती वर्षे टिकेल याची हमी त्यात नसते. गाडी बंद पडली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम नोंदणी व मानक, मग स्वतंत्र तपासणी, त्यानंतर भावाची बोलणी, आणि सर्वांत शेवटी इसार व कर्जाचा अर्ज. तपासणीत निघालेल्या किरकोळ दोषांचा खर्च मांडून भाव कमी करून घेता येतो. मोठा दोष निघाला, तर विक्रेत्याला नमस्कार करून परत यावे. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत. कष्टाची बचत मात्र एकदाच साठते.