गाडीला केटी लागली!

मित्रांनो, केटी लागणं हा आपल्यासाठी नवीन विषय नाही. पण या मे महिन्यात चक्क आमच्या घरच्या गाडीलाच केटी लागली. पेपर होता मागच्या ब्रेकचा!

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं. मग पासिंग करून ते ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी जोरात ब्रेक मारायला लावला, तर गाडी उजवीकडे ओढली. चढावर हँडब्रेक ओढला, तर गाडी हळूहळू मागे. नापास! बाहेर एकजण 'मॅनेज करू' म्हणाला. बाबा म्हणाले, "तू मेकॅनिकलचा ना? मग आधी बिघाड शोध." आठच दिवसांपूर्वी याच गाडीतून मी आईला आंबा घाटातून रत्नागिरीला नेलं होतं. पोटात गोळाच आला.

पण मग चालवताना काहीच कसं कळलं नाही? उत्तर आपल्याच पुस्तकात आहे. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर जातं. समजा गाडी माणसासकट ८०० किलो, गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर, व्हीलबेस २.२ मीटर आणि ब्रेकिंग ०.६ जी. मग ८०० × ०.६ × ०.५ ÷ २.२, म्हणजे सुमारे १०९ किलो भार पुढे सरकतो. उभ्या गाडीत मागे ३२० किलो असतील, तर ब्रेक मारताना उरतात फक्त २११. बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून मागचा आजारी पडला तरी रोजच्या वापरात पटकन लक्षात येत नाही. ओल्या रस्त्यावर किंवा घाटात मात्र तो हिशोब चुकता करतो.

दोन खुणा आम्ही दुर्लक्षित केल्या होत्या. एक, बाबा दर दोन महिन्यांनी ब्रेक ऑईल टाकत होते. ब्रेक ऑईल पेट्रोलसारखं जळत नाही; वारंवार कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंय. दुसरी चूक माझी. हँडब्रेक सैल वाटला म्हणून मी केबल आवळली आणि रोग झाकला.

पुढच्या चाकांना उटी लावून, गाडी स्टँडवर घेऊन मागचा डावा ड्रम काढला. व्हील सिलिंडरचं रबर उचललं, तर आत ऑईल. लायनर चिंब भिजलेले, अॅडजस्टर गंजून जाम. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन चालत नाहीत, बदलावेच लागतात. तेही दोन्ही बाजूंचे, नाहीतर गाडी पुन्हा एकीकडे ओढते. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

गल्लीतल्या मेकॅनिककाकांच्या देखरेखीखाली दोन्ही सिलिंडर आणि शू बदलले, अॅडजस्टर साफ केला. मग ब्लीडिंग करून हवा काढली. काकांचा मंत्र लक्षात ठेवा : आधी शू अॅडजस्ट, मग हँडब्रेकची केबल. उलटं कराल तर फसाल.

दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली, कुणालाही 'मॅनेज' न करता.

हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या दोस्तांनो, तुमच्या बाईकचा मागचा ब्रेक शेवटचा कधी उघडून पाहिलात? आपली केटी पुढच्या सेमला निघते. ब्रेकची निघेलच, याची खात्री नसते.