हॅलोवीन : भीती खाऊची, धोका रस्त्याचा

३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. त्या सायंकाळी अमेरिकेत मुले नाना सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागतात. अनोळखी घरच्या खाऊत विष असेल, ही पालकांची जुनी भीती. परंतु तशा घटना जवळजवळ आढळत नाहीत. खरा धोका मोटारींचा आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या अभ्यासानुसार, आदल्या व पुढील आठवड्यातील सायंकाळपेक्षा हॅलोवीनला पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक असतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांबाबत ही वाढ सर्वाधिक आहे. म्हणून लहानांसोबत वडीलधाऱ्यांनी चालावे, पोशाखाला प्रकाशात चमकणारी पट्टी लावावी, दृष्टी अडविणाऱ्या मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा व हाती विजेरी द्यावी. तेथे नातवंडे असलेल्या आजी-आजोबांनी हे अवश्य कळवावे.